‘घाबरू नकोस’ सांगणारं भाकीत भीती पसरवायला कसं वापरलं जातं? यशया, दमास्कस आणि व्हायरल पोस्टची गोष्ट

8 डिसेंबर 2024. सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद देश सोडून पळाले आणि बंडखोर राजधानी दमास्कसमध्ये शिरले. बातमी येऊन काही तास होत नाहीत तोच सोशल मीडियावर बायबलमधला एक उतारा फिरू लागला. यशया, अध्याय 17. ‘दमास्कस हे शहर उरणार नाही, तिथे नुसता ढिगारा होईल’ असा त्याचा आशय. 16 जुलै 2025 रोजी इस्रायलने दमास्कसमधल्या संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर हल्ला केला, तेव्हा तोच उतारा नव्या व्हिडिओसह परत आला. ‘2700 वर्षांपूर्वीच सांगितलं होतं’, ‘आता शेवट जवळ आलाय’, ‘पुढचा नंबर कोणाचा?’ अशा ओळी खाली लिहिलेल्या.

तुमच्याही फॅमिली ग्रुपवर असं काही आलं असेल. पण हे भाकीत मुळात कोणाला सांगितलं होतं? कोणत्या युद्धात? आणि ऐकणाऱ्याने घाबरावं म्हणून सांगितलं होतं की घाबरू नये म्हणून? थोडं मागे जाऊन समजून घेऊ.

यशया कोण होता?

यशया हा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात जेरुसलेममध्ये राहणारा संदेष्टा. मराठी बायबलमधला ‘संदेष्टा’ हा शब्द इथे नेमका आहे. संदेष्टा म्हणजे निरोप आणणारा. पंचांग उघडून पुढच्या हजार वर्षांचं भविष्य सांगणं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. समोरच्या माणसाला, समोरच्या प्रसंगात, देवाचा निरोप पोचवणं हे त्याचं काम.

यशयाच्या नावाने असलेल्या पुस्तकात 66 अध्याय आहेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सगळं एकाच माणसाने एकाच काळात लिहिलेलं नाही. पण दमास्कसच्या भाकिताशी जोडलेले सातवा आणि आठवा अध्याय एका ठरावीक युद्धाबद्दल आहेत. सतरावा अध्याय वाचायचा तर आधी हे दोन वाचावे लागतात. व्हायरल पोस्टमध्ये नेमके हेच दोन नसतात.

ते युद्ध कोणतं होतं?

इ.स.पू. 735 चा सुमार. आजच्या इराकच्या उत्तर भागात अश्शूर नावाचं साम्राज्य होतं. त्याचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर एकेक देश गिळत भूमध्य समुद्राच्या दिशेने सरकत होता. वाटेत तीन छोटी राज्यं होती. पहिलं अराम, त्याची राजधानी दमास्कस आणि राजा रसीन. दुसरं उत्तरेचं इस्राएल, ज्याला एफ्राइमही म्हणत. त्याची राजधानी शोमरोन आणि राजा पेकह. तिसरं दक्षिणेचं यहूदा. त्याची राजधानी जेरुसलेम आणि गादीवर नुकताच आलेला आहाज. बायबलच्या हिशेबाने राजा झाला तेव्हा त्याचं वय होतं 20.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळी ‘इस्राएल’ आणि ‘यहूदा’ ही दोन वेगळी राज्यं होती, आणि या युद्धात ती एकमेकांच्या विरोधात होती.

अराम आणि इस्राएल यांनी हातमिळवणी केली आणि जेरुसलेमवर चाल केली. बहुतेक इतिहासकारांचं मत असं, की त्यांना अश्शूरविरुद्ध आघाडी उभी करायची होती आणि आहाज तीत यायला तयार नव्हता. मग त्याला हटवून आपला माणूस, ताबेलाचा मुलगा, गादीवर बसवायचा असा बेत होता.

ही बातमी जेरुसलेमला पोचली तेव्हा काय झालं, हे सातव्या अध्यायात एका चित्रातून सांगितलं आहे. वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तशी राजाची आणि प्रजेची मनं हलली. फौज अजून तटाला भिडलेली नव्हती. पोचली होती ती फक्त खबर.

पाण्याच्या पाटाजवळची भेट

यशया राजाला दरबारात भेटला नाही. वरच्या तळ्याचं पाणी जिथे येतं त्या पाटाच्या टोकाला, परटांच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो त्याला गाठतो. वेढा पडला तर शहराला पाणी पुरेल का, हे पाहायला राजा तिथे गेला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यशयासोबत त्याचा लहान मुलगा होता. त्याचं नाव शआर-याशूब, म्हणजे ‘उरलेले परत येतील’.

यशयाच्या निरोपाचा सारांश असा : सावध राहा, शांत राहा, घाबरू नकोस. ज्या दोन राजांची तुला धास्ती वाटते ते आता पेटती मशाल राहिलेले नाहीत. विझत आलेली, नुसती धुमसणारी दोन लाकडं आहेत ती. त्यांचा बेत तडीस जाणार नाही.

आणि मग एक अट. विश्वासाने स्थिर राहिला नाहीत, तर तुम्ही टिकणारच नाही. मूळ हिब्रूत हा शब्दांचा खेळ आहे. ‘विश्वास ठेवणं’ आणि ‘टिकून राहणं’ या दोन्हींसाठी एकाच धातूपासून आलेले शब्द वापरले आहेत. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तो ‘आमेन’ शब्दही त्याच धातूचा.

म्हणजे या भाकिताचा पहिला अर्थ ‘आक्रमण येणार, घाबरा’ असा नाही. ‘ज्याला तू घाबरतो आहेस त्याचं खरं माप ओळख’ असा आहे.

भाकिताला मुदत होती का?

होती, आणि ती फार जवळची होती. यशयाने राजाला हवी ती खूण मागायला सांगितलं. आहाजने ‘मी देवाची परीक्षा पाहणार नाही’ असं म्हणून टाळलं. तेव्हा यशयानेच खूण सांगितली. एक तरुण स्त्री मुलाला जन्म देईल, त्याचं नाव इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्यासोबत’. त्या मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच या दोन राजांची भूमी ओसाड पडलेली असेल.

आठव्या अध्यायात मुदत आणखी जवळ येते. यशयाला दुसरा मुलगा होतो. त्याचं लांबलचक नाव महेर-शालाल-हाश-बज. लूट आणि शिकार झपाट्याने होणार, असा त्याचा अर्थ. हे बाळ ‘बाबा’, ‘आई’ म्हणायला शिकण्याआधीच दमास्कसची संपत्ती आणि शोमरोनची लूट अश्शूरचा राजा घेऊन जाईल, असं यशया सांगतो.

बाळ बोलू लागेपर्यंत म्हणजे वर्ष-दोन वर्षं. तिथल्या ऐकणाऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येईल असं हे भाकीत होतं. ते सुटं काढून 2700 वर्षं पुढे नेलं की त्यातली ही मुदतच गायब होते.

मग प्रत्यक्षात काय घडलं?

इथे बायबलबाहेरचा पुरावा मिळतो. अश्शूरी शिलालेख आणि बायबलमधलं राजांचं दुसरं पुस्तक यांची इथे बऱ्यापैकी सांगड बसते. इ.स.पू. 732 मध्ये तिग्लथ-पिलेसरने दमास्कस जिंकलं. रसीन मारला गेला. उत्तरेच्या इस्राएलचा मोठा भाग अश्शूरने तोडून घेतला, पेकह मारला गेला आणि त्याच्या जागी होशेय आला. दहा वर्षांनी, इ.स.पू. 722 च्या सुमारास शोमरोनही पडलं आणि ते राज्य संपलं.

दमास्कस हे शहर मात्र पुसलं गेलं नाही. ते पुन्हा उभं राहिलं आणि जगातल्या सर्वांत जुन्या, सतत वस्ती असलेल्या शहरांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. याच मुद्द्यावरून आजचे काही लोक म्हणतात, की भाकीत पूर्ण झालेलं नाही, पुढे व्हायचं आहे. बरेच अभ्यासक याचं उत्तर वेगळं देतात. त्या काळच्या युद्धकाव्यात शहराच्या पराभवाचं वर्णन याच भाषेत करत. राजधानी पडली, राज्य संपलं, म्हणजे शहर ‘ढिगारा झालं’.

आणखी एक गोष्ट पोस्टमध्ये कधीच नसते. सतरावा अध्याय एकट्या दमास्कसबद्दल नाही. सुरुवातीच्या ओळी संपताच तो एफ्राइमकडे, म्हणजे उत्तरेच्या इस्राएलकडे वळतो. त्याची तटबंदी जाईल, त्याचं वैभव ओसरेल, पीक कापून नेल्यावर शेतात थोडी कणसं उरावीत तसं थोडंच काही उरेल, असं तो सांगतो. म्हणजे भाकीत आक्रमण करणाऱ्या दोघांबद्दल आहे, आणि त्या दोघांतला एक इस्राएल आहे. ‘सीरियाचा नाश, इस्रायलचा विजय’ असा सरळ हिशेब लावायचा तर अर्धा अध्याय कापावा लागतो.

आहाजने यशयाचं ऐकलं का?

नाही. त्याने तिसराच मार्ग धरला. मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-चांदी काढून तिग्लथ-पिलेसरला भेट पाठवली. सोबत निरोप : मी तुमचा सेवक, तुमचा मुलगा, मला या दोघांपासून वाचवा. शेजारच्या दोन राजांच्या भीतीने त्याने त्यांच्याहून कितीतरी मोठ्या सत्तेला घरात बोलावलं. तिग्लथ-पिलेसरच्या शिलालेखात खंडणी देणाऱ्या राजांच्या यादीत यहूदाच्या या राजाचं नाव आजही वाचता येतं.

यशयाने याचं वर्णन दोन चित्रांतून केलं. एक, नदीपलीकडून भाड्याने आणलेला वस्तरा, जो अख्ख्या अंगावरून फिरणार आहे. दुसरं, शहरातलं संथ वाहणारं पाणी नको म्हणणाऱ्यांवर मोठ्या नदीचा पूर येईल आणि तो गळ्यापर्यंत चढेल. गळ्यापर्यंत, डोक्यावरून नाही.

आहाजची बाजूही समजून घ्यायला हवी. काही इतिहासकार म्हणतात, की तो मूर्ख नव्हता. अश्शूरशी लढणारी दमास्कस आणि शोमरोन ही राज्यं संपली, खंडणी देणारं यहूदा टिकलं. वीस-बावीस वर्षांच्या राजाकडून आणखी काय अपेक्षा करायची? यावर यशयाच्या बाजूने उत्तर असं, की अश्शूर त्या दोघांवर येणारच होता. त्यासाठी मंदिर रिकामं करून मांडलिकत्व विकत घेण्याची गरज नव्हती. घाईत केलेल्या सौद्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली.

पुढच्या पिढीला काय मोजावं लागलं?

आहाजचा मुलगा हिज्कीया. त्याने अश्शूरचं जोखड झुगारलं आणि इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याने स्वतःच्या शिलालेखात 46 तटबंदीची शहरं घेतल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यातल्या लाखीश शहराच्या वेढ्याची शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीवर सामान लादून निघालेली विस्थापित कुटुंबंही दिसतात.

मग अश्शूरचा अधिकारी, रब्शाके, जेरुसलेमसमोर येऊन उभा राहिला. कुठे? वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटांच्या शेताच्या रस्त्यावर. यशयाच्या पुस्तकाच्या 36 व्या अध्यायात मुद्दाम तीच जागा सांगितली आहे. तिथेच साधारण 34 वर्षांपूर्वी यशयाने हिज्कीयाच्या बापाला ‘घाबरू नकोस’ म्हटलं होतं.

रब्शाके काय करतो ते पाहा. तो तटावरच्या सामान्य लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. हिज्कीयाचे अधिकारी विनंती करतात, की बाबा, आमच्याशी अरामी भाषेत बोल. अरामी ही तेव्हाची राजनैतिक भाषा, सामान्य लोकांना न कळणारी. रब्शाके नकार देतो आणि मुद्दाम लोकांच्या भाषेत आणखी मोठ्याने ओरडतो. तुमचा राजा तुम्हाला फसवतोय, तुमचा देव वाचवणार नाही, उपासमारीने मराल. इतकंच कशाला, देवानेच मला पाठवलंय असाही दावा करतो.

आजच्या भाषेत याला मानसिक युद्ध म्हणतात. लोकांच्या भाषेत, देवाचं नाव घेऊन, थेट लोकांपर्यंत भीती पोचवायची. हिज्कीयाने लोकांना सांगून ठेवलं होतं, की त्याला उत्तर देऊ नका. लोक गप्प राहिले. त्या मोहिमेत जेरुसलेम पडलं नाही, हे बायबल सांगतं. सन्हेरीबच्या लेखातही हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची फुशारकी आहे, पण शहर घेतल्याचा दावा नाही.

ख्रिस्ती आणि ज्यू वाचक याकडे कसं बघतात?

इम्मानुएलची खूण ख्रिस्ती लोकांसाठी फार महत्त्वाची आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माशी ती जोडलेली आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असा होतो. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘कुमारी’ असा शब्द आला आणि मत्तयने तोच घेतला. ज्यू परंपरा हा मुलगा आहाजच्या काळातलाच मानते. अनेक ख्रिस्ती अभ्यासक दोन्ही मान्य करतात. आधी आहाजच्या काळातला अर्थ, आणि त्यातून उलगडलेला पुढचा अर्थ.

श्रद्धेचा हा प्रश्न ज्याचा त्याने ठरवायचा. पण पुढचा अर्थ मानणारेही पहिला अर्थ खोडत नाहीत. व्हायरल पोस्ट मात्र पहिला अर्थ पूर्ण खोडते.

हे आजच का समजून घ्यायचं?

एक कारण म्हणजे युद्ध करणारे नेतेही याच ग्रंथाची भाषा वापरतात. इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये एका भाषणात यशयाचं भाकीत प्रत्यक्षात आणू असं म्हटलं. त्याच महिन्यात त्यांनी अमालेक या बायबलमधल्या शत्रूची आठवण काढली आणि तो उल्लेख पुढे दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या आपल्या अर्जात घेतला. 13 जून 2025 रोजी इराणवर सुरू केलेल्या मोहिमेला दिलेलं ‘रायझिंग लायन’ हे नावही बायबलमधल्या गणना या पुस्तकाशी जोडलेलं आहे.

दुसरं कारण, अशी भाकितं आधीही चुकीची जोडली गेली आहेत. 1970 मध्ये अमेरिकेत हॅल लिंडसे यांचं ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. यहेज्केलच्या पुस्तकातला आक्रमक गोग म्हणजे सोव्हिएत रशिया, असं त्यात मांडलं होतं. 1948 मधल्या इस्रायलच्या स्थापनेपासून साधारण 40 वर्षांत सगळं घडेल, असंही सुचवलं होतं. 1988 आलं आणि गेलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. तरी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर गोग परत फिरू लागला.

तिसरं कारण घरातलं आहे. 23 जून 2025 च्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली आणि कतारची हवाई हद्द बंद झाली. आखातात मराठी माणसं मोठ्या संख्येने आहेत. कोकणातून गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांचे नातेवाईक दिमोना, अश्दोद, लोद या इस्रायली शहरांत आहेत. अशा रात्री ग्रुपवर ‘भाकीत खरं ठरतंय’ असं आलं की ज्याचा भाऊ दोहाला आहे त्याच्या पोटात गोळा येतो. त्या पोस्टने त्याला एकही उपयोगी माहिती दिलेली नसते.

अशी पोस्ट आली तर काय तपासायचं?

1. भाकीत कोणाला सांगितलं होतं? यशयासमोर आहाज होता. पोस्टमध्ये त्या माणसाचं नावच नसेल, तर उतारा संदर्भातून तोडलेला आहे.

2. त्याला मुदत होती का? बाळ बोलू लागण्याआधी, इतकी स्पष्ट मुदत असेल तर ती आधी बघा.

3. अध्याय पूर्ण वाचला का? मराठी बायबल ऑनलाइन मोफत वाचता येतं. सातवा, आठवा आणि सतरावा हे तीन अध्याय वाचायला अर्धा तास पुरतो.

4. पोस्ट तुम्हाला काय करायला सांगते? यशया गोड बोलणारा नव्हता. अश्शूरचा पूर येणार हे त्याने तोंडावर सांगितलं. पण त्याच्या प्रत्येक इशाऱ्यात ऐकणाऱ्याने काय करावं, काय टाळावं हे असायचं. ‘घाबरा आणि पुढे पाठवा’ एवढंच सांगणारी पोस्ट यशयापेक्षा रब्शाकेच्या जवळची आहे.

आठव्या अध्यायात देव यशयाला आणखी एक सल्ला देतो. लोक ज्याला कट म्हणतात त्या प्रत्येक गोष्टीला तुम्हीही कट म्हणू नका आणि ते ज्याला भितात त्याला तुम्ही भिऊ नका. अफवांनी भरलेल्या, वेढ्याच्या छायेतल्या शहरात दिलेला हा सल्ला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी युद्धाची बातमी आणि भाकिताची पोस्ट सोबत आली, तर आधी दोहाच्या भावाला फोन लावा. भारतीय दूतावासाची सूचना वाचा. यशयाचा अध्याय दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचला तरी चालेल.